गढूळ पाणी, खारी हवा आणि रेग्युलेटर

रेग्युलेटर हा शब्द मराठी घरात पाणबुड्यांनी आणला नाही. तो गॅसच्या सिलिंडरबरोबर आला. ओट्याखालच्या टाकीत वायूचा दाब पाच-सात बार असतो. शेगडीच्या नळीत तो सुमारे ३० मिलिबारवर आलेला असतो. हा उतार घडवते टाकीच्या डोक्यावरची ती वाटीएवढी डबी. तिच्या आत रबरी पडदा, स्प्रिंग आणि झडप एवढाच संसार असतो. स्कूबा रेग्युलेटर त्याच घराण्यातला. १९४३ साली जाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाण्याखाली श्वास घेण्याचे जे यंत्र सिद्ध केले, त्याचे मूळही इंधनाच्या झडपेतच आहे. महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा फ्रान्समध्ये मोटारी वायूवर चालवत. इंजिनाला हवा तेवढाच वायू, हवा तेव्हाच सोडणारी झडप गान्यांने त्यासाठी बनवली होती. इंजिनाच्या जागी माणसाची फुप्फुसे आली.

शेगडीचा रेग्युलेटर आणि पाणबुड्याचा रेग्युलेटर यांत एक मूलभूत फरक आहे. शेगडीभोवतीचा दाब बदलत नाही. पाण्यात दर १० मीटरला भोवतालचा दाब सुमारे १ बारने वाढतो आणि छातीवर तो दाब असताना तेवढ्याच दाबाची हवा तोंडात आली नाही, तर श्वास ओढताच येत नाही. म्हणून या यंत्राला दोन कामे एकदम करावी लागतात. टाकीतला २०० बारचा दाब उतरवायचा, आणि उतरवून कुठे थांबायचे ते भोवतालच्या पाण्याला विचारून ठरवायचे.

हे काम दोन टप्प्यांत होते. टाकीच्या तोटीवर बसणारा पहिला टप्पा टाकीचा दाब भोवतालपेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त, इतका खाली आणतो. नळीच्या टोकाला तोंडात धरायचा दुसरा टप्पा उरलेला दाब उतरवून नेमका भोवतालाएवढा करतो, तोही श्वास ओढला तरच. दुसऱ्या टप्प्यात एक पातळ पडदा असतो. श्वास ओढला की तो आत खचतो, तरफ दाबतो, झडप उघडते. श्वास थांबला की झडप मिटते. बाकी सारी चर्चा पहिला टप्पा कोणत्या जातीचा, दट्ट्याचा (पिस्टनचा) की पडद्याचा, याभोवती फिरते, आणि मालवणच्या संदर्भात तर फारच.

आधी एक अप्रिय गोष्ट सांगून टाकावी. सिंधुदुर्ग किल्ल्यामागच्या खडकांत वर्षातून एकदा, प्रशिक्षकाने मागून टाकी धरलेली असताना पाच-आठ मीटर खोल जाणाऱ्याने स्वतःचा रेग्युलेटर विकत घेऊ नये. त्याने मास्क घ्यावा. चेहऱ्याला न बसणारा मास्क डुबकी जितकी बिघडवतो, तितकी भाड्याचा साधा पण नीट राखलेला रेग्युलेटर बिघडवत नाही. रेग्युलेटर घेण्याचा प्रश्न येतो तो प्रमाणपत्र हाती असलेल्याला. समजा एखादीने तारकर्लीच्या इसदा या स्कूबा शिकवणाऱ्या संस्थेत रीतसर शिक्षण घेतले आहे. आता ती डिसेंबरात मालवण, फेब्रुवारीत मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी, पुढच्या वर्षी अंदमान आणि भाऊ इंग्लंडात आहे म्हणून कधीतरी तिथेही जाणार आहे. पुढचे विवेचन तिच्यासाठी.

दाब, श्वास आणि कागदावरचे आकडे

दुकानदार सहसा आकड्यांपासून सुरुवात करतो, म्हणून आपणही आकडे पाहू. ईएन २५० या युरोपीय मानकात रेग्युलेटर ५० मीटर खोलीच्या दाबाला, मिनिटाला ६२.५ लिटर श्वसनाच्या वेगाने यंत्रावर चालवून पाहतात. या स्थितीत श्वास घेण्या-सोडण्याचे श्रम लिटरमागे ३ ज्यूलच्या आत राहिले पाहिजेत. ५० मीटरला एकूण दाब ६ बार. म्हणजे पृष्ठभागावरच्या मापाने मिनिटाला ३७५ लिटर हवा त्या यंत्रातून जाते.

आता मालवणचा हिशेब मांडू. ८ मीटरला दाब १.८ बार. निवांत माणूस मिनिटाला १५ ते २० लिटर हवा घेतो. घाबरलेला ४० घेतो असे धरू, आणि जोडीदाराची हवा संपल्याने दोघेही एकाच पहिल्या टप्प्यावर श्वास घेत आहेत असेही धरू. ४० गुणिले १.८ गुणिले २ म्हणजे १४४ लिटर. चाचणीच्या निम्म्याहूनही कमी. विजयदुर्गच्या पश्चिमेला समुद्रात १०० किलोमीटरहून आत कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक आहे. हे बुडालेले पठार असून त्याचा माथा सुमारे २० मीटर खाली आहे. तिथे २४ मीटरवर हाच प्रसंग घडला, तर आकडा होतो २७२. तोही चाचणीच्या आतच.

यातून निघणारा निष्कर्ष दुकानदाराला आवडणारा नाही. मानक पार केलेला कोणताही रेग्युलेटर या किनाऱ्यावर हवा पुरवायला समर्थ आहे. महागडे मॉडेल श्वासाला लोण्यासारखे मऊ लागते हे खरे, पण त्या मऊपणासाठी मोजलेले पैसे मालवणात बहुतांशी पडून राहतात. निवड व्हायला हवी ती दुसऱ्या निकषांवर.

एका अपवादाकडे मात्र लक्ष द्यावे. या हिशेबात टाकीत किती दाब उरला आहे, ते धरलेले नाही. साध्या, असंतुलित दट्ट्याच्या पहिल्या टप्प्यात टाकीचा दाब स्वतःच झडप उघडायला मदत करतो. टाकी रिकामी होत गेली की ही मदत ओसरते, दोन टप्प्यांमधला दाब घसरतो आणि श्वास जड होतो. नेमक्या ज्या वेळी टाकीत ४० बार उरलेले असतात आणि दुसराही माणूस तुमच्याच हवेवर असतो, त्या वेळी यंत्र हात आखडता घेते. संतुलित रचनेत झडपेवर टाकीचा दाब दोन्ही बाजूंनी सारखा पडतो. त्यामुळे टाकी २०० वर असो वा ४० वर, मधला दाब हलत नाही. स्वतःसाठी घेणाऱ्याने संतुलित पहिला टप्पा घ्यावा, याबद्दल मला तरी दुमत दिसत नाही. भाड्याने देणारे असंतुलित दट्ट्या वापरतात, त्यात त्यांचे चुकत नाही. स्कूबाप्रो एमके२ सारख्या रचनेत हलणारे भाग इतके कमी असतात की ती रोज दहा नवख्यांच्या तोंडी जाऊनही टिकते आणि पटकन दुरुस्त होते. उथळ पाण्यात, टाकी अर्धी असतानाच वर येणाऱ्यांसाठी तीच योग्य.

गाळ

मालवणचे पाणी थंड नाही. वर्षभर ते २५ ते ३० अंशांच्या आसपास असते. खोलही नाही. ते गढूळ आहे. देवबागच्या टोकाला कर्ली समुद्राला मिळते, उत्तरेला गड नदी येते, मध्ये कोळंबची खाडी आहे. पावसाळाभर डोंगरातली लाल माती या तोंडांतून उतरते. जून ते सप्टेंबर डुबक्या बंदच असतात, पण ऑक्टोबरातही उधाणाच्या दिवशी पाणी ढवळून निघते आणि दोन हातांवरचा माणूस दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी निवळते. भांगाच्या दिवसांत ते आणखी स्वच्छ असते. तरी निवळलेल्या पाण्यातही बारीक कण तरंगत असतात आणि किल्ल्याच्या पाठीमागे लाट खडकावर आपटली की तळाची वाळू वर येते.

पहिल्या टप्प्याच्या दोन जाती इथे वेगळ्या वाटेने जातात. दट्ट्याच्या जातीत मुख्य स्प्रिंगच्या खोलीत समुद्राचे पाणी थेट शिरते. तसे ते शिरायलाच हवे, कारण भोवतालचा दाब दट्ट्याला त्या पाण्याकडूनच कळतो. पण पाण्याबरोबर गाळ जातो आणि डुबकीनंतर पाणी सुकले की मिठाचे खडे उरतात. दट्ट्याच्या दांड्यावर ओ-रिंग पुढेमागे घासते. तिच्या वाटेत वाळूचा कण आला तर एका हंगामात तिची धार जाते. पडद्याच्या जातीत समुद्राचे पाणी जाड रबरी पडद्याच्या बाहेरच थांबते आणि झडपेचा सगळा कारभार पडद्याच्या आड कोरड्यात चालतो. तिच्यातही बाहेरची स्प्रिंग उघडी असेल तर गाळ तिथे साचतो. म्हणून काही मॉडेलांत त्यावर आणखी एक पातळ पडदा लावून खोली पूर्ण बंद केलेली असते. दाब त्या पडद्यातून आत पोचतो, पाणी पोचत नाही.

माझा कौल मालवणसाठी या शेवटच्या जातीला, म्हणजे बंद खोलीच्या संतुलित पडद्याला आहे. दट्ट्याचे समर्थक म्हणतील की त्यात भाग कमी, हवेचा ओघ मोठा, आणि दर डुबकीनंतर गोड्या पाण्यात नीट भिजवले तर तो वर्षानुवर्षे चालतो. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी अट मात्र मालवणच्या जेटीवर पाळणे कठीण. होडीतून उतरायचे, सामान खांद्यावर घ्यायचे, कपडे बदलायची जागा शोधायची, पोटात भूक, हॉटेलात पाणी मोजून. गोड्या पाण्याचा टब तिथे मिळेलच असे नाही. जे यंत्र संध्याकाळपर्यंत खारट राहिले तरी फारसे बिघडत नाही, ते या किनाऱ्याचे.

दुसऱ्या टप्प्याला गाळ वेगळ्याच ठिकाणी छळतो. सोडलेला श्वास बाहेर जातो तो अळंबीसारख्या मऊ रबरी झडपेतून. तिच्या काठाखाली वाळूचा एक कण अडकला की ती पुरती मिटत नाही आणि दर श्वासाबरोबर तोंडात खारट तुषार येतात. नवखा घाबरतो, त्याला यंत्र बिघडले असे वाटते. बहुधा बिघडलेले काहीच नसते. तोंडातून काढून हवा एकदम सोडणारे पर्जचे बटण दोनदा दाबले, पाण्यात हलवले, की कण निघून जातो. हे टाळायचे तर दुसरा टप्पा तळाला लागू द्यायचा नाही. जोडीदारासाठीचा जादा टप्पा, ज्याला ऑक्टोपस म्हणतात, तो नेहमी लोंबकळत असतो आणि वाळू खरवडत जातो. तो छातीशी क्लिपने अडकवावा. १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्याच्या उथळ भागात प्रवाळ आहे आणि त्यावरूनही ही लोंबकळणारी नळी फरफटत जाते, हे अडकवण्याचे आणखी एक कारण.

ऑक्टोपस निवडताना त्याच्यावर ईएन २५०ए असा शिक्का आहे का, ते पाहावे. २०१४ च्या मानकात तो ए आला. एकाच पहिल्या टप्प्यावर दोघांनी श्वास घेण्याची चाचणी पार झाली, असा त्याचा अर्थ.

इथे एक सांगण्याजोगी, पण जेवणाआधी न वाचण्याजोगी गोष्ट. मालवणला सकाळी होडी हलते. घावणे, आंबोळ्या भरपेट खाऊन निघालेल्यांना पाण्यात उतरल्यावरही मळमळते. अशा वेळी रेग्युलेटर तोंडातून काढायचा नसतो. त्याची बाहेरची झडप उलटीही वाहून नेते आणि पर्जने तो साफ होतो. मोठ्या मुखाची निकास-झडप असलेला दुसरा टप्पा निवडायला हे कारण माहितीपत्रकात छापत नाहीत.

थंडी, जी मालवणात नाही

वायू एकदम प्रसरण पावला की थंड होतो. २०० बारची हवा १० बारवर येताना पहिल्या टप्प्याचे धातूचे अंग गार पडते. २७ अंशांच्या पाण्यात हा गारवा लगेच शोषला जातो, कोणाला कळतही नाही. पण भावाकडे गेल्यावर लेस्टरशरमधल्या स्टोनी कोव्हच्या खाणीत, हिवाळ्यात पाच-सहा अंशांच्या पाण्यात, त्याच रेग्युलेटरमध्ये भोवतालचे पाणी गोठू शकते. स्प्रिंगभोवती बर्फ धरला की झडप उघडीच राहते आणि हवा थांबता थांबत नाही. काही मिनिटांत टाकी रिती होते.

ईएन २५० मध्ये १० अंशांखालच्या पाण्याला थंड मानले आहे. ज्या रेग्युलेटरवर १० अंशांपेक्षा अधिक अशी खूण कोरलेली असते, तो थंड पाण्याच्या चाचणीत बसलेला नसतो. ही खूण अगदी बारीक अक्षरांत असते, भिंग लावून शोधावी लागते. थंडीतही उपाय तोच ठरतो, पाणी आत न घेणारी बंद खोली. गाळासाठी निवडलेले यंत्र थंडीतही उपयोगी पडते, हा योगायोग नाही, दोन्हीकडे शत्रू आत शिरणारे पाणीच आहे. धातूचा दुसरा टप्पा थंडीत बरा, कारण तो पाण्याची ऊब चटकन आत घेतो. फक्त उष्ण पाण्यात जाणाऱ्याने हलका प्लास्टिकचा घ्यावा, दात आणि जबडा दुवा देतील.

तोटी आणि वजन

टाकीला रेग्युलेटर जोडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. योक म्हणजे टाकीच्या तोटीभोवती बसणारा कवेसारखा शिकंजा, मागून स्क्रूने आवळायचा. डिन म्हणजे तोटीच्या आत आट्यांनी फिरवून बसवायचा. योक २३२ बारपर्यंत, डिनचा लांब आट्यांचा प्रकार ३०० बारपर्यंत. आपल्याकडे, अंदमानात आणि अमेरिकेत बहुतेक ठिकाणी योक, युरोपात डिन.

फरक दाबाच्या मर्यादेपेक्षा ओ-रिंग कोणाची, यात आहे. योकमध्ये ती टाकीच्या तोटीत असते, म्हणजे भाड्याच्या टाकीची, शंभर जणांनी आवळलेली, उन्हात तडकलेली. डिनमध्ये ती तुमच्या रेग्युलेटरवर असते आणि तिची काळजी तुम्ही घेता. शिवाय डिनमध्ये ती धातूच्या आत कोंडलेली राहते, निसटून बाहेर येत नाही. म्हणून डिन घ्यावा आणि सोबत योकचा अॅडाप्टर ठेवावा. मालवणात बहुधा अॅडाप्टर लावावा लागेल. तरी पुष्कळ टाक्यांच्या तोटीत काढता येणारा पितळी इन्सर्ट बसवलेला असतो. तो काढला की तीच तोटी डिन होते. त्यासाठी लागणारी अॅलन-की होडीवर असेलच असे नाही, ती पाकिटात हवी.

वजनाबद्दल मी जरा हट्टी आहे. देशांतर्गत विमानात बहुधा १५ किलो सामान चालते, हातात ७ किलो. दोन टप्पे, ऑक्टोपस, दाबदर्शक आणि नळ्या मिळून दोन-तीन किलो होतात. प्रवासी म्हणून विकल्या जाणाऱ्या हलक्या मॉडेलांत यातले अर्धा किलो वाचते. बदल्यात बंद खोली जाते किंवा नळ्या जोडायची भोके कमी होतात. कोकण रेल्वेने कुडाळला उतरून मालवणला जाणाऱ्याला त्या अर्ध्या किलोचा काय फायदा? विमानाने जाणाऱ्यानेही तो एका जीन्समधून वाचवावा. रेग्युलेटर मात्र हातातल्या पिशवीतच न्यावा, विमानाच्या पोटात आदळणाऱ्या बॅगेत नाही.

विणलेल्या नळ्या हलक्या आणि लवचिक असतात, गुंडाळून छोट्या पिशवीत मावतात. त्यांतल्या काहींच्या आतल्या प्लास्टिकचे उष्ण-दमट हवेत विघटन होऊन नळीत पिवळट स्फटिक धरल्याचे प्रकार नोंदले गेले आहेत. ते सुटून झडपेत अडकू शकतात. कोकणातल्या दमट कपाटात वर्ष काढणाऱ्या सामानासाठी चांगल्या रबराची नळी मला अधिक भरवशाची वाटते, मग ती जड असो.

दुरुस्ती कोण करणार

सगळ्यांत दुर्लक्षित आणि माझ्या मते निर्णायक निकष हा. रेग्युलेटर वर्षाला किंवा दोन वर्षांनी, उत्पादक सांगेल तसा, उघडून त्यातल्या ओ-रिंगा, झडपेच्या गाद्या बदलाव्या लागतात. हे सुटे भाग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. परदेशातून सवलतीत आणलेले उत्तम यंत्र, ज्याचा कारागीर आणि सुटे भाग मुंबई-गोव्यापर्यंत मिळत नाहीत, ते दुसऱ्या वर्षी कपाटात जाते. खरेदीआधी दुकानदाराला विचारायचे प्रश्न दोनच. याची सर्व्हिस कोण करतो, आणि त्याच्याकडे आज किट आहे का? उत्तर देताना तो फोन शोधू लागला तर दुसरे मॉडेल पाहावे.

वापरलेला रेग्युलेटर घेताना पहिल्या टप्प्याच्या तोंडाशी असलेली बारीक छिद्रांची धातूची जाळी पाहावी. ती हिरवट असेल तर हे तोंड झाकणारी धूळ-टोपी न लावता धुतल्याने किंवा तशाच कारणाने आत पाणी गेले आहे. तांबूस असेल तर पोलादी टाकीचा गंज, काळपट असेल तर कॉम्प्रेसरची काजळी आत आली असावी. हिरव्या जाळीचा रेग्युलेटर कितीही स्वस्त मिळाला तरी सर्व्हिसचा खर्च धरूनच भाव करावा.

दुसरी परीक्षा मधल्या दाबाची. तरंगण्याचे जॅकेट फुगवणाऱ्या नळीवर बसणारा छोटा दर्शक मिळतो. टाकी उघडली की सुई ९-१० बारच्या आसपास थांबली पाहिजे, आणि थांबली की थांबलीच पाहिजे. सावकाश चढत राहिली तर पहिल्या टप्प्याची गादी चिरली आहे. हा चढ वाढत गेला की दुसऱ्या टप्प्याची झडप आपोआप उघडते आणि हवा फुसफुसत बाहेर पडते. रचना अशीच मुद्दाम केलेली आहे. बिघाड झाला तर हवा बंद पडण्याऐवजी वाहत राहावी म्हणून.

टाकी नसली तरी एक परीक्षा घरी होते. पहिल्या टप्प्याला टोपी लावून दुसऱ्या टप्प्यातून श्वास ओढावा. हवा अजिबात येता कामा नये. किंचितही आली तर कुठेतरी पडदा, झडप किंवा तोंडात धरायचे रबर फाटले आहे, आणि जिथून हवा येते तिथूनच पाणी येणार. टाकी असेल तर मी पिठाच्या डब्याएवढ्या स्टीलच्या डब्यात पाणी घेऊन दुसरा टप्पा तोंडात धरायची बाजू वर ठेवून हळूहळू खाली दाबतो. पडदा पाण्याखाली साधारण अडीच सेंटिमीटर गेला की हवा सुटायला लागते. त्याआधीच सुटली तर स्प्रिंग फार हलकी लावली आहे, लाटेच्या धक्क्याने ती वाहू लागेल. चार-पाच सेंटिमीटरला सुटली तर दिवसअखेर जबडा आणि छाती दोन्ही दुखतील.

मालवणहून परतल्यावर रेग्युलेटर बादलीत भिजवताना दोन गोष्टी सांभाळायच्या. धूळ-टोपी आधी कोरडी पुसून मग घट्ट लावायची, ओली लावली तर तिच्यातला थेंब थेट जाळीत जातो. आणि टाकी जोडलेली नसताना पाण्यात पर्जचे बटण दाबायचे नाही, कारण त्या क्षणी झडप उघडते आणि गोडे पाणी नळीतून उलटे पहिल्या टप्प्यापर्यंत चढते. मग सावलीत, नळ्यांना घडी न पडेल असा टांगायचा. एप्रिलमधल्या मोटारीच्या डिकीत नव्हे.